फ्रेंच टोस्टचे गोड रोल: अंड्यासकट आणि अंड्याशिवाय

आजचा भाग थेट स्वयंपाकघरातून. विषय आहे फ्रेंच टोस्ट रोल, म्हणजे ब्रेडचा स्लाइस लाटून, त्यात गोड सारण भरून, गुंडाळी करून, अंड्याच्या मिश्रणात बुडवून तव्यावर भाजायचा आणि गरम असतानाच दालचिनीच्या साखरेत घोळवायचा. करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ऐकताना प्रमाणं लिहून घेऊ नका, खाली सगळा मजकूर असतोच.

अंडं न खाणाऱ्यांनी लगेच हा भाग बंद करू नका. खरं सांगायचं तर हा भाग तुमच्यासाठीच जास्त आहे.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे फ्रेंच टोस्ट म्हटलं की निम्म्या लोकांना कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेला तिखट अंडा-ब्रेड आठवतो. मूळ पदार्थ गोड. फ्रान्समध्ये त्याला म्हणतात ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे वाया गेलेला पाव. जर्मन लोक त्याला ‘आर्मे रिटर’ म्हणतात, गरीब सरदार! स्पेनमध्ये ‘तोरिहास’ नावाने ईस्टरच्या आधीच्या दिवसांत घरोघरी करतात. सगळीकडे गोष्ट एकच: पाव शिळा झाला, दगड झाला, टाकवत नाही, तर दुधात भिजवा, तळा, गोड करा. आपल्या शिळ्या पोळीच्या गूळ-तुपाच्या लाडवाचा हा लांबचा भाऊ. फेकायचं नाही म्हणून केलेली गोष्ट, आणि मग ती इतकी आवडते की मुद्दाम चार पोळ्या जास्त केल्या जातात.

शिळा पाव तिथे चालतो असं नाही, लागतोच. शिळा पाव कोरडा, म्हणून तो दूध-अंडं आतपर्यंत पितो, तरी मोडत नाही. म्हणून कुठल्याही चांगल्या पाककृतीत पहिलं वाक्य असतं की कालचा पाव घ्या, जाड कापा.

आणि रोल करताना नेमका हाच नियम उलटा होतो. शिळा स्लाइस लाटला की त्याला भेगा पडतात, गुंडाळायला गेलं की मधोमध चिरतो, आणि सारण तव्यावर. रोलला पाव वाकायला हवा, म्हणजे ताजा आणि मऊ हवा. पण मऊ, ताजा पाव दुधात भिजवला तर त्याचा लगदा होतो. म्हणजे वाकण्यासाठी ओलावा हवा आणि टिकण्यासाठी नको. सॉफ्टवेअरवाल्यांना असली भांडणं रोजची आहेत, एक गोष्ट सुधारली की दुसरी मोडते. या पदार्थात पुढे जे जे करायचंय ते या एका भांडणातून निघतं, म्हणून एवढं पाल्हाळ.

तर पाव. साधा पांढरा सँडविच ब्रेड, त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा. ब्राउन ब्रेड किंवा मल्टिग्रेन चवीला छान असतो, पण त्यातला कोंडा आणि दाणे लाटताना स्लाइस फाडतात. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवत असाल तर रोलसाठीचा बाहेरच ठेवा. पाव शिळा होतो तो फक्त पाणी उडून नाही. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणूनही होतो, आणि हे काम फ्रिजच्या थंडाव्यात बाहेरच्यापेक्षा वेगाने चालतं. म्हणून फ्रिजमधला पाव ओला लागतो तरी ताठ असतो. तसाच घरात असेल तर मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद, किंवा चाळणीवर घालून वाफेवर पंधरा सेकंद धरा. लगेच मऊ पडेल. फक्त मग थांबायचं नाही, कारण गार झाला की पहिल्यापेक्षा जास्त कडक होतो.

आठ स्लाइस घेऊ, आठ रोल. चारही कडा काढा. कडा फेकू नका, तव्यावर कुरकुरीत करून मिक्सरमधून काढल्या की कटलेटसाठी ब्रेडचा चुरा तयार. पोळपाटावर स्लाइस ठेवून लाटण्याने दाब देत लाटा, पोळीसारखं गोल फिरवायचं नाही, एका दिशेने जायचं आणि परत यायचं. जाडी निम्म्याच्या आसपास आली की थांबा. कागदाइतका पातळ केलात तर गुंडाळी सुरेख होते, पण खाताना पावाची चवच राहत नाही. लाटलेले स्लाइस ओलसर फडक्याखाली ठेवा, मोदकाची पारी झाकतो तसे.

आता सारण, माझा आवडता भाग. इंटरनेटवर हे रोल पाहिलेत तर दोनच गोष्टी दिसतील: चॉकलेटचा स्प्रेड, नाहीतर क्रीम चीज आणि स्ट्रॉबेरी. स्प्रेडला माझा विरोध नाही. तो जाड असतो, पाणी सोडत नाही, मुलं खूश. पण ताजी फळं मला रोलमध्ये पटत नाहीत. स्ट्रॉबेरी म्हणा, हापूसच्या फोडी म्हणा, तव्याची आच लागली की रस सोडतात, पाव आतून भिजतो आणि जोड सुटतो. फळं बाजूला ताटलीत द्या, तिथेच ती जास्त शोभतात.

सारणाची कसोटी सोपी आहे. चमचा उलटा धरला तर पडलं नाही पाहिजे. या कसोटीवर आपल्या घरातली अर्धी सणाची सारणं पहिल्या नंबराने पास होतात! मोदकाचं सारण घ्या. ओल्या नारळाचा चव आणि गूळ, मोकळं होईपर्यंत आटवलेलं, वेलची-जायफळ घातलेलं. गोव्यात आळेबेळे करतात तेव्हा धिरड्यासारख्या घावनात साधारण हेच भरतात, म्हणजे नारळ-गुळाला गुंडाळीची सवय जुनीच आहे. पुरण उरलं असेल तर तेही, मात्र घट्ट शिजलेलं. संक्रांतीनंतर डब्यात गुळपोळीचं सारण उरतं, ते तर या कामासाठीच केल्यासारखं आहे. तीळ, गूळ, भाजलेलं बेसन, सगळं कोरडं. तव्यावर गूळ किंचित वितळतो आणि बाहेर मात्र येत नाही.

कोकणातल्या मंडळींना एक खास सांगतो. आंब्याची साठं, म्हणजेच आंबापोळी. तिची बोटभर रुंद पट्टी कापून स्लाइसवर ठेवा आणि गुंडाळा. आंब्याची सगळी चव, रसाचा थेंब नाही. सोबत घट्ट चक्क्याचा पातळ हात फिरवला तर क्रीम चीजची आठवणही येत नाही. चक्का म्हणतोय मी, श्रीखंड नाही हं. श्रीखंडातल्या साखरेने ते सैल झालेलं असतं आणि आच लागली की आणखी सैल होतं.

भरताना हात आवरायचा. एका रोलला दीड छोटा चमचा पुरे. स्लाइसच्या एका कडेपासून बोटभर आत, लांबट ओळीत पसरा. समोरच्या कडेला दुधाचं बोट फिरवा, गुंडाळत या, शेवटी हलकंसं दाबा. जोड खाली येईल असे रोल ताटात दोन-तीन मिनिटं ठेवा. ही दोन मिनिटं गाळू नका, तेवढ्यात जोड चिकटतो.

मग बुडवण्याचं मिश्रण. दोन अंडी, तीन मोठे चमचे दूध, चिमूटभर मीठ, वेलची किंवा व्हॅनिला. पसरट ताटलीत फेटून घ्या. साखर यात घालायची नाही, ती तव्यावर आधी जळते. दूध एवढंसंच, कारण मघाचं भांडण. जाड स्लाइसच्या फ्रेंच टोस्टला दोन अंड्यांमागे अर्धा कप दूध घालतात, तो पाव ते पिऊन बसतो. इथे रोल मिश्रणात ठेवायचा, एकदा फिरवायचा, उचलायचा, निथळवायचा. दोन सेकंद. मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि बाहेर.

इथे एक प्रश्न विचारू या. या रोलमध्ये अंडं नक्की काय काम करतं?

जाड फ्रेंच टोस्टमध्ये त्याचं काम फार मोठं असतं. दूध-अंड्याचं मिश्रण पावाच्या मध्यापर्यंत गेलेलं असतं आणि आच लागली की तिथे ते कस्टर्डसारखं जमतं. तो आतला लुसलुशीतपणा म्हणजेच फ्रेंच टोस्ट, आणि तो अंड्याशिवाय आणणं अवघड. पण रोलमध्ये मिश्रण आत जातच नाही, आपण जाऊ देत नाही. आत सारण आहे, पाव लाटलेला आहे, वर फक्त एक पातळ थर. म्हणजे अंड्याकडे इथे दोनच कामं उरली: थर धरून ठेवणं आणि छान तपकिरी रंग आणणं. ही दोन्ही कामं दुसऱ्याला देता येतात.

हा हिशेब मी मांडला तो आजीमुळे. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती आमच्याकडे पुण्याला आली आणि दोन महिने राहिली. आजी अंडं खात नाही. आमच्या घरी अंड्याचा तवा वेगळा, वाडगा वेगळा, हे सगळं होतंच, तिची त्यावर तक्रारही नव्हती. पण रविवारी सकाळी आम्ही दोघं टेबलावर फ्रेंच टोस्ट घेऊन बसलो की ती आपला चहा आणि खारी घेऊन गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायची. ‘तुमचं चालू द्या रे, मला इथे ऊन मिळतं,’ म्हणायची. ऑपरेशन झालेलं, डोळ्याला काळा चष्मा, आणि ऊन मिळतं म्हणे! आम्ही तिच्यासाठी वेगळा उपमा करून बघितला, तर तो तिने खाल्ला, पण गॅलरीतच. ‘तुझ्यासाठी वेगळं केलंय’ हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याला त्यात ‘वेगळं’ एवढंच ऐकू येत असावं.

त्या दोन महिन्यांत रविवारच्या नाश्त्याचे मी बरेच प्रयोग केले. केळं कुस्करून वापरतात ते केलं. रंग येतो, पण सगळ्याला केळ्याचाच वास, आंबापोळी आत आहे हे कळतही नाही. बेसन दुधात कालवून केलं. तुपात नीट भाजलं गेलं तर ते लाडवासारखं खमंग लागतं, गुळपोळीच्या सारणाबरोबर तर फारच; पण आच थोडी कमी पडली की कच्चट लागतं. शेवटी हाताला आली ती साधी कस्टर्ड पावडर.

या पावडरीची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत आणि कस्टर्ड तर अंड्याचंच असतं. म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लॉवर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. म्हणजे आपण जिला डब्यातली सोय समजतो ती मुळात घरातल्या एका माणसासाठी केलेली होती. आणि त्याहून जुनी गोष्ट: रोमन स्वयंपाकाचा एक संग्रह एपिसियसच्या नावाने ओळखला जातो, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. त्यात पांढऱ्या पावाची साल काढून, मोठे तुकडे करून, दुधात भिजवून तळायचे आणि वर मध घालायचा अशी कृती आहे. अंड्याचं नाव नाही! तेव्हा ‘अंड्याशिवाय तो खरा नाही’ असं कोणी म्हणालं तर रोमपर्यंतचा पुरावा आपल्या खिशात आहे.

प्रमाण असं. अर्धा कप, म्हणजे 120 मिली थंड दूध, दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, एक छोटा चमचा साखर, चिमूटभर मीठ. दूध थंडच हवं, गरम दुधात गुठळ्या होतात. अंड्याच्या मिश्रणात साखर नको म्हणालो आणि इथे घालतोय, त्याला कारण आहे. अंड्यातल्या प्रथिनांमुळे तपकिरी रंग पटकन येतो. इथे ती नाहीत, दुधातली तेवढी आहेत, म्हणून थोडी साखर मदतीला. कस्टर्ड पावडरमधला कॉर्नफ्लॉवर साधारण 65-70 अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि तव्यावर रोलभोवती पातळ थर धरतो. आणखी एक गोष्ट विसरू नका: पावडर तळाशी बसते. प्रत्येक रोल बुडवण्याआधी चमच्याने ढवळा, नाहीतर पहिल्या चार रोलना नुसतं दूध आणि शेवटच्या चारांना चिखल. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, ब्रेडच्याही. साध्या सँडविच ब्रेडला शक्यतो अडचण नसते, पण ब्रियोशसारख्या महागड्या पावात अंडं असतं.

तव्याचं काम दोन्हीला सारखंच, फक्त क्रम पाळा. घरात एकच नॉनस्टिक तवा असेल आणि तो अंड्याला वापरला जात असेल, तर बिनअंड्याचे रोल पोळीच्या तव्यावर करा. उलथनंही वेगळं. ज्यांना हे महत्त्वाचं आहे त्यांच्यासाठी ते खरंच महत्त्वाचं असतं, तिथे ‘धुतलाय ना’ म्हणून वाद घालू नये.

आच मध्यमपेक्षा किंचित कमी. नुसतं लोणी घातलं तर त्यातला दुधाचा अंश लवकर काळा पडतो, म्हणून मी तूप वापरतो. लोण्याची चव हवीच असेल तर निम्मं लोणी, निम्मं तेल. आधी जोडाची बाजू खाली, मिनिटभर अजिबात हलवायचं नाही. ती बाजू बसली की रोल उघडत नाही. मग चिमट्याने पाव-पाव वळण देत बाकीच्या बाजू, प्रत्येकी तीस-चाळीस सेकंद. कस्टर्डवाल्यांना थोडा जास्त वेळ द्या. थर कोरडा आणि सोनेरी दिसला पाहिजे, ओलसर पिवळा दिसत असेल तर आत कॉर्नफ्लॉवर कच्चा आहे.

ताटात तीन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा दालचिनीची पूड आधीच मिसळून ठेवा. तव्यावरून उतरला की लगेच घोळवायचा, तूप ओलं असतं तोवरच साखर चिकटते. नारळाच्या किंवा पुरणाच्या सारणाला मात्र दालचिनी लावू नका, वेलची आणि जायफळ आत असताना बाहेर तिची लुडबुड कशाला. त्याला वरून किसलेलं सुकं खोबरं, हलकं भाजलेलं.

आजीने पहिल्यांदा खाल्ले ते गुळपोळीच्या सारणाचे. आधी तवा कुठला ते विचारलं. मग कडा काढल्यात म्हणून बरं वाटलं, दातांचं तिचं जरा असंच आहे. दोन खाल्ल्यावर म्हणाली, ‘पावाची गुळपोळी केलीस की रे,’ आणि तिसरा घेताना जायफळ कमी पडलंय हेही सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी ती पोळपाटाशी बसून स्लाइस लाटत होती. तिने लाटलेले चौकोन माझ्यापेक्षा नेटके होते, हे काही सांगायला नको. आणि अंड्याचे आम्ही त्या दिवसापासून बंदच केले, चवीत फरक सांगता येईना तर दोन मिश्रणं करायची कशाला? आजी गावी परत गेली तरी आमच्याकडे रोल कस्टर्डचेच होतात.

आता तुम्ही आधीच्या भागांनंतर पाठवलेल्यांपैकी इथे लागू पडणारे दोन-तीन प्रश्न.

डब्यात देता येतील का? येतील, पण जाळीवर पूर्ण गार करून. गरम रोल डब्यात बंद केला की वाफ धरते, साखर वितळते आणि दुपारी मूल चिकट पाव घेऊन घरी येतं. डब्यासाठी साखरेत घोळवूच नका, सारण गोड असतंच.

आदल्या रात्री करून ठेवता येतील का? भरून, गुंडाळून, न बुडवता, हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको, कारण मघाशी सांगितलं तेच. सकाळी गोठलेलेच मिश्रणात बुडवायचे आणि मंद आचेवर जरा जास्त वेळ भाजायचे.

एअर फ्रायरमध्ये? अंड्याचे होतात, वरून तुपाचा हात फिरवून 180 अंशांवर सहा-सात मिनिटं. कस्टर्डचे मला तिथे आवडत नाहीत, थर पिठूळ राहतो. त्यांना तवाच हवा.

आणि साठं संपली असतील तर? मग मे महिन्याची वाट बघा, किंवा कोकणातल्या एखाद्या मावशीला फोन करा. भेटू पुढच्या भागात.